ओळखीचा शब्द, अनोळखी काम: इंग्रजीतले छोटे शब्द कसे उकलावेत

इंग्रजी वाचताना अवघड शब्द तितका त्रास देत नाहीत. 'एन्कम्ब्रन्स' किंवा 'ॲफिडेव्हिट' अडला की आपण कोश उघडतो, नाहीतर जाणकाराला विचारतो. घोळ होतो तो 'बट', 'ॲज', 'द', 'शुड', 'विल' असल्या शब्दांपाशी. ते आपल्याला येतात अशी खात्री असते, त्यामुळे कोश उघडावा असं मनातही येत नाही, आणि वाक्य हातातून निसटतं.

गोव्यात ही अडचण जरा जास्तच जाणवते. सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीला इंग्रजी माध्यमात जातं आणि विज्ञान, भूगोल, गणित सगळं एकदम इंग्रजीत येऊन पडतं. घरातल्या मोठ्यांकडे विक्रीखत, बँकेचं पत्र, कोर्टाचा आदेश येतो तोही इंग्रजीतच. 'बट म्हणजे पण' एवढ्या शिदोरीवर दोघेही निघालेले असतात, आणि ती पुरत नाही.

यावर एक पद्धत आहे. तिचा गाभा इतकाच की ओळखीचा शब्द अडला तर त्याचा अर्थ आठवत बसायचं नाही. तो वाक्यात कुठे बसला आहे आणि तिथे काय काम करतो आहे, ते आधी ठरवायचं. मराठीत आपण हे कुणी न शिकवता करतो. 'येईन म्हणाला, पण आला नाही', 'मी पण येतो', 'त्याने पण केला', 'तिचं बालपण'. चारही ठिकाणी 'पण' आहे आणि आपल्याला कुठेच ठेच लागत नाही, कारण आजूबाजूचे शब्द आपल्याला आधीच सांगून टाकतात. इंग्रजीत तीच नजर मुद्दाम वापरावी लागते.

पहिली पायरी: कुठे थांबायचं ते कळणं

बहुतेक जण अडलेल्या वाक्यावरून पुढे सरकतात, कारण वाक्य अडलंय हेच लक्षात येत नाही. म्हणून एक सवय लावून घ्या. वाक्य वाचलं की त्याचं मराठी मनातल्या मनात पूर्ण म्हणून पाहा. शब्दशः नको, जसं आपण घरी बोलू तसं. जे वाक्य घरात कुणीच कधी बोलणार नाही असं वाटतं, तिथे थांबायचं. 'ही इज बट अ चाइल्ड' याचं 'तो आहे पण एक मूल' असं मराठी झालं, तर दोष तुमच्या मराठीचा नाही. 'बट' इथे दुसरं काम करतो आहे.

दुसरी खूण क्रियापदाची. एका वाक्यात क्रियापदच सापडत नसेल, किंवा नको तिथे दोन सापडत असतील, तर एखादा नेहमीचा शब्द वेष बदलून आला आहे असं समजा. 'द काउंटर इज मॅन्ड बाय टू क्लार्क्स' या वाक्यात 'मॅन' माणूस नाही, क्रियापद आहे: काउंटरवर दोन कारकून बसतात.

दुसरी पायरी: शेजारी पाहणं

शब्दाच्या डावीकडे 'अ', 'द', 'माय', 'धिस' असेल, तर त्या गटाच्या शेवटी बहुधा नाम असतं. डावीकडे 'टू', 'विल', 'कॅन' असेल, तर पुढे क्रियापद यायची शक्यता मोठी. एवढ्यावर निम्मं काम होतं. 'राउंड' घ्या. 'अ राउंड टेबल' इथे विशेषण, 'द सेकंड राउंड' इथे नाम, 'द बस राउंडेड द कॉर्नर' इथे क्रियापद, 'राउंड द कॉर्नर' इथे शब्दयोगी अव्ययासारखं काम. 'फास्ट' जलद असतो, उपवास असतो, आणि 'फास्ट अस्लीप' मध्ये गाढ असतो. 'लास्ट' शेवटचा असतो, पण 'द रेन विल नॉट लास्ट' मध्ये टिकणं असतं. ही शब्दांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही, ती संपतच नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या तीन अक्षरी शब्दाची नोंद सर्वांत लांब होती, सुमारे ६०,००० शब्दांची. ती पाठ करून कुणी इंग्रजी शिकलेलं नाही.

तिसरी पायरी: जागा ओळखली की मराठी रूप शोधणं

इथे थोडं सावकाश जाऊया. 'बट' हा एकच शब्द नीट कळला, तर बाकीच्यांकडे कसं पाहायचं ते आपोआप कळतं.

'बट' चा जुन्या इंग्रजीतला मूळ अर्थ 'बाहेर'. तो धरून ठेवला की पुढचं सगळं एका धाग्यात येतं. 'एव्हरीवन बट सुरेश केम': सुरेशला बाहेर ठेवून सगळे आले. म्हणजे ऑल, एव्हरी, नो, नथिंग, एनीथिंग असल्या शब्दांच्या मागोमाग 'बट' आला की 'खेरीज' किंवा 'वगळून' असं वाचायचं. 'नथिंग बट ट्रबल' म्हणजे त्रासाखेरीज काही नाही, निव्वळ त्रास. 'एनीथिंग बट इझी' म्हणजे सोपं सोडून काहीही म्हणा, मुळीच सोपं नाही. 'द लास्ट स्टॉप बट वन' म्हणजे शेवटचा एक वगळून, शेवटून दुसरा थांबा. कदंबच्या बसमधून उतरताना हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो.

'ही इज बट अ चाइल्ड' मध्ये पूर्वी एक नकार असायचा, 'मुलाखेरीज काही नाही' असा. नकार काळाच्या ओघात गळून पडला आणि 'केवळ' एवढा अर्थ उरला. 'आय कॅनॉट बट ॲडमायर हर' मध्ये नकार अजून शाबूत आहे: तिचं कौतुक केल्याशिवाय मला राहवत नाही.

'ऑल बट' जरा फसवा आहे. 'ऑल बट टू स्टुडंट्स पास्ड' म्हणजे दोघे सोडून सगळे पास झाले. 'द वर्क इज ऑल बट ओव्हर' म्हणजे काम जवळजवळ संपलं. फरक कळायला पुढचा शब्द बघा. पुढे माणूस, वस्तू किंवा संख्या असेल तर वगळणं. पुढे विशेषण किंवा क्रियापद असेल तर जवळजवळ. 'ही ऑल बट फेल' ('फॉल' चा भूतकाळ) म्हणजे तो पडता पडता वाचला.

आणि 'बट फॉर'. 'बट फॉर द फेरी, दिवाडी वुड बी कट ऑफ.' फेरीबोट नसती तर दिवाडी बेटाचा संपर्क तुटला असता. इथे पुढे 'वुड' किंवा 'कुड' आहे का ते नक्की पाहा. असेल तर घडलेली गोष्ट सांगितली जात नाहीये, न घडलेली सांगितली जातेय.

आता सगळं एकत्र करून पाहू. ऑगस्ट महिना, मासेमारीबंदी ३१ जुलैला संपलेली, तरी समुद्र खवळलेला. मालीमच्या धक्क्यावर कुणी म्हणतं: 'बट फॉर द रेन, ऑल बट टू ऑफ द बोट्स वुड हॅव बीन आउट बाय नाऊ.' मुख्य क्रियापद आधी शोधा: 'वुड हॅव बीन'. म्हणजे तसं झालेलं नाही. मग 'बट फॉर द रेन': पाऊस नसता तर. 'ऑल बट टू': पुढे संख्या आहे, म्हणजे दोन सोडून सगळ्या. 'आउट': बाहेर, म्हणजे समुद्रात. पाऊस नसता तर एव्हाना दोन बोटी सोडून बाकी सगळ्या समुद्रात गेल्या असत्या. हा क्रम, क्रियापद आधी आणि छोटे शब्द नंतर, मी विद्यार्थ्यांकडून आग्रहाने करून घेतो. डावीकडून उजवीकडे शब्दागणिक अर्थ लावत गेलं तर हे वाक्य सुटत नाही.

'ॲज' आणि आपला 'म्हणून'

'ॲज' बद्दल मुलांना जी भीती असते तिची गरज नाही, कारण मराठीत याचा सख्खा भाऊ आहे. 'ती नर्स म्हणून काम करते' आणि 'पाऊस होता म्हणून थांबलो' या दोन्हींतला 'म्हणून' इंग्रजीत 'ॲज' होतो: 'शी वर्क्स ॲज अ नर्स', 'ॲज इट वॉज रेनिंग, वी वेटेड'. पहिल्यात 'ॲज' नंतर फक्त नाम आहे, दुसऱ्यात कर्ता आणि क्रियापद दोन्ही. 'म्हणून' कारणानंतर येतो आणि 'ॲज' कारणाआधी, एवढी अदलाबदल लक्षात ठेवायची.

त्यापलीकडे 'ॲज' वेळ दाखवतो, 'ॲज आय गॉट ऑफ द बस', बसमधून उतरता उतरता. आणि रीत दाखवतो, 'डू ॲज आय से', मी सांगतो तसं कर. खरा चकवा पुढे आहे: 'टायर्ड ॲज ही वॉज, ही वॉक्ड होम.' विशेषण सर्वांत आधी, त्यामागून 'ॲज'. अर्थ होतो 'दमलेला असूनही'. मात्र 'टायर्ड ॲज ही वॉज, वी डिड नॉट वेक हिम' असं असेल, तर तोच 'ॲज' कारण सांगतो: दमला होता म्हणून उठवलं नाही. दोन्हींची बांधणी एकच. निर्णय वाक्याचा दुसरा भाग देतो, म्हणून पूर्णविरामापर्यंत पोहोचल्याशिवाय अर्थ पक्का करू नका.

'व्हाइल' आणि 'सिन्स' यांचंही असंच. 'व्हाइल' कधी 'असताना', कधी 'जरी'; 'सिन्स' कधी 'पासून', कधी 'ज्याअर्थी'. एकदा 'ॲज' जमला की हे दोन वेगळे शिकावे लागत नाहीत.

'द' आणि 'अ' यांच्या आडवाटा

'द सूनर द बेटर' यातला 'द' नामाआधीचा नेहमीचा 'द' नव्हे. जुन्या इंग्रजीतल्या 'त्या मानाने' अशा अर्थाच्या एका विभक्तिरूपाचा तो अवशेष आहे. मराठीत याला नेमकी जोडी आहे: जितकं लवकर तितकं बरं. 'ऑल द बेटर' म्हणजे त्याने तर अधिकच बरं. तुलनेच्या शब्दाआधी 'द' दिसला आणि पुढे नाम नसलं, की जितका-तितका बसवून पाहा.

'फिफ्टी रुपीज अ किलो', 'ट्वाइस अ वीक' यातला 'अ' म्हणजे 'दर'. 'मेनी अ फिशरमन हॅज लॉस्ट हिज नेट' मध्ये माणसं अनेक, तरी नाम आणि क्रियापद एकवचनी. परीक्षेत हमखास विचारतात. 'अ मिस्टर नाईक कॉल्ड' म्हणजे कुणी नाईक नावाच्या गृहस्थांचा फोन आला होता, बोलणारा त्यांना ओळखत नाही.

भूतकाळ जो भूतकाळ नसतो

'इट इज टाइम वी लेफ्ट.' निघायची वेळ झाली. निघालेलं कुणीच नाही, तरी 'लेफ्ट'. 'आय विश आय न्यू' म्हणजे मला माहीत असतं तर बरं झालं असतं, आत्ता. 'इफ आय वर यू', 'कुड यू हेल्प मी' ही त्याच घरातली. विद्यार्थी इथे काळ शोधत बसतात आणि गोंधळतात.

मराठीकडे पाहा. हाक आली की स्वयंपाकघरातूनच आपण म्हणतो, 'आलेच!' आलेली अजून नसते. 'उद्या पाऊस आला तर' म्हणतो, पाऊस उद्याचा आणि क्रियापद भूतकाळाचं. क्रियापदाचं रूप काळाखेरीज इतरही गोष्टी सांगतं, हे आपल्या जिभेला ठाऊक आहे. इंग्रजीत भूतकाळी रूप पुष्कळदा वास्तवापासूनचं अंतर दाखवतं: न घडलेलं, इच्छेतलं, किंवा अदबीने थोडं दुरून विचारलेलं. 'विश', 'इफ', 'इट इज टाइम', 'वुड रादर' यांच्या पुढे भूतकाळ दिसला तर घड्याळ बाजूला ठेवा.

'शुड' ला तर मराठी अगदी तंतोतंत आहे. 'त्याने अभ्यास करावा' मध्ये 'करावा' सल्ला आहे. 'त्याने असं बोलावं, याचं नवल वाटतं' मध्ये 'बोलावं' सल्ला नाही, तरी रूप तेच. 'इट इज स्ट्रेंज दॅट ही शुड से सो' हे हेच दुसरं वाक्य. स्ट्रेंज, सरप्राइजिंग, सॉरी अशा शब्दांमागून 'दॅट' आणि मग 'शुड' आला तर 'पाहिजे' म्हणू नका. आणि वाक्याच्या सुरुवातीलाच 'शुड यू नीड हेल्प' असं असेल आणि शेवटी प्रश्नचिन्ह नसेल, तर ते 'मदत लागलीच तर'. 'हॅड आय नोन' हेही तसंच: मला माहीत असतं तर.

'विल' थोडक्यात. 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणजे पोस्टमन असेल. आपणही अंदाजाला 'असेल' म्हणतो. 'द डोअर वोन्ट ओपन' म्हणजे दार उघडतच नाही.

कागदपत्रांतले साधे शब्द

इथे चूक महाग पडते, म्हणून जरा थांबून वाचा. विक्रीखतातला 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार नव्हे, व्यवहाराचा मोबदला. १८७२च्या करार कायद्यापासून भारतात हा शब्द याच अर्थाने चालत आला आहे. 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे दस्तऐवज. 'एक्झिक्यूट' म्हणजे दस्त सही करून पुरा करणं. 'टायटल' म्हणजे मालकी हक्क. 'द सेड प्रॉपर्टी' म्हणजे वर सांगितलेली मिळकत. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याच्या संदर्भात 'म्युटेशन' आला तर तो फेरफार, मुलाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातला नव्हे.

कोर्टाच्या कागदात 'लीव्ह' म्हणजे परवानगी. सर्वोच्च न्यायालयातली 'स्पेशल लीव्ह पिटिशन', घटनेच्या कलम १३६ खालची, म्हणजे अपिलासाठी विशेष परवानगीचा अर्ज. 'प्रेयर' म्हणजे अर्जदाराची न्यायालयाकडची मागणी. 'स्टे' म्हणजे स्थगिती. 'द कोर्ट हेल्ड' म्हणजे न्यायालयाने निर्णय दिला.

'सेव्ह' हा शब्द कायद्यात नामाआधी किंवा 'ॲज' आधी आला, तर वाचवणं नसून 'खेरीज' असतो. आणि 'शॅल' भविष्यकाळ नसतो. घटनेचं कलम २१ पाहा: 'नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ह्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसीजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.' इथे 'हिरावलं जाणार नाही' असं भाकीत केलेलं नाही. 'हिरावलं जाता कामा नये' असं बंधन घातलेलं आहे. नोटिशीत 'यू शॅल रिमूव्ह' असं लिहिलं असेल, तर ते काढणं तुमच्यावर बंधनकारक आहे असं समजा. 'मे' असेल तर मुभा. मात्र सही करायच्या कागदाचा अर्थ केवळ अशा लेखाच्या आधारे लावू नका. शब्द कळले की वकिलाला नेमका प्रश्न विचारता येतो, आणि तो जरूर विचारा.

पर्वरीच्या विधानसभेच्या बातम्यांत 'टेबल्ड' येतो. ब्रिटिश आणि भारतीय वापरात विधेयक 'टेबल' करणं म्हणजे सभागृहापुढे ठेवणं. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ ते बाजूला ठेवणं. बातमी कुठली आहे ते पाहून ठरवा. 'सँक्शन' ही असाच: 'सँक्शन्ड पोस्ट' मध्ये मंजुरी, 'सँक्शन्स अगेन्स्ट' मध्ये निर्बंध.

मथळ्यांची रीत निराळी. 'सीएम टू व्हिजिट काणकोण' मधला 'टू' भविष्यकाळ आहे. 'थ्री हेल्ड' म्हणजे तिघांना अटक.

आपला 'ओन्ली'

'आय लिव्ह इन फोंडा ओन्ली.' गोव्यात हे सर्रास ऐकू येतं, आणि त्यामागे 'फोंड्यातच' मधला 'च' आहे. आपसांत बोलताना यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही, सगळ्यांना कळतं. पण परदेशी माणूस किंवा मुलाखत घेणारा ते 'फोंड्याखेरीज कुठेही नाही' असं ऐकू शकतो. मराठी 'च' शब्दाच्या मागे चिकटतो, लिखित इंग्रजीत 'ओन्ली' बहुधा ज्याच्यावर भर त्याच्या आधी बसतो, आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. 'ओन्ली शी टोल्ड मी': तिनेच सांगितलं, बाकी कुणी नाही. 'शी टोल्ड ओन्ली मी': मलाच सांगितलं. नुसता जोर हवा असेल तर 'ओन्ली' सोडा आणि 'डू' घ्या: 'आय डू लिव्ह इन फोंडा', मी फोंड्यात राहतोच हो. 'टुडे इटसेल्फ' ऐवजी अर्जात 'टुडे' पुरतं. 'काइंडली अकनॉलेज द सेम' मध्ये 'द सेम' च्या जागी 'धिस लेटर' लिहिलं तर वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही.

शेवटची पायरी: कोश आणि वही

शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, कारण त्यात प्रत्येक अर्थाखाली वाक्य असतं. नोंदीच्या सुरुवातीला न थांबता आधी शब्दजात पाहा; नाम, क्रियापद, शब्दयोगी, जे तुम्ही शेजाऱ्यांवरून ठरवलं तेच. मग त्याच भागातले अर्थ वाचा. 'ऑल बट', 'बट फॉर' असले जोडशब्द बहुधा नोंदीच्या तळाशी वेगळ्या भागात असतात, आणि तिथपर्यंत फार थोडे जण जातात.

वहीत सुटा शब्द लिहू नका. पूर्ण वाक्य आणि त्याखाली बोलीतलं मराठी लिहा. सरावासाठी गोव्यात एक सोय छान आहे: एकाच दिवशी एकच बातमी इंग्रजी आणि मराठी दोन्ही दैनिकांत मिळते. पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, किंवा गावच्या वाचनालयात, दोन्ही शेजारी ठेवून विधानसभेची एक बातमी वाचा. इंग्रजीतला छोटा शब्द मराठी वार्ताहराने कसा सोडवला ते शोधा.

ही पाच वाक्यं आधी स्वतः सोडवून पाहा: 'यंग ॲज शी इज, शी रन्स द शॉप.' 'देअर वॉज नो वन देअर बट मी.' 'आय वुड रादर यू केम टुमारो.' 'द लेस यू से, द बेटर.' 'शुड द फेरी बी लेट, कॉल मी.'

उत्तरं त्याच क्रमाने: वयाने लहान असूनही ती दुकान चालवते. तिथे माझ्याखेरीज कुणी नव्हतं. तुम्ही उद्या आलात तर मला बरं पडेल. जितकं कमी बोलाल तितकं बरं. फेरीला उशीर झालाच तर मला फोन करा.